ठोक्यांवरून टनांपर्यंत: पूर्व नागपुरातील एका पाइलचा हिशेब

नागपूर शहराच्या खालची जमीन एकसारखी नाही, हे इथे इमारतींची कामे करणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळते. पश्चिमेकडे, सीताबर्डीच्या टेकडीपासून अंबाझरीच्या पुढेपर्यंत, दख्खनचा बेसाल्ट आहे; काळी माती आणि मुरूम काढला की बहुधा दगड लागतो आणि इमारत उथळ पायावर निर्धास्त उभी राहते. पूर्वेकडे हा बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना नाइस खडक सुरू होतो. तो वरून इतका कुजलेला असतो की माती कुठे संपली आणि खडक कुठे सुरू झाला, हे नेमके सांगता येत नाही. त्यावर काळ्या मातीचा आणि गाळाचा थर असला, तर उथळ पायाचा विचार सोडून पाइलकडे, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांकडे, वळावे लागते. कळमन्याच्या बाजूच्या एका सात मजली निवासी इमारतीचे संरचना अभिकल्पन माझ्याकडे होते. तिथे एका पाइलवर किती टन भार टाकावा, हे ठरवताना आम्ही ज्या टप्प्यांतून गेलो, त्यांची ही नोंद आहे.

जमिनीच्या तपासणीसाठी नेहमीचीच पद्धत ठरली होती: बोअर घ्यायचे आणि दर दीड मीटरला प्रमाणित भेदन चाचणी, म्हणजे एसपीटी करायची. शंकूची भेदन चाचणी मातीचा अधिक सलग आलेख देते, हे खरे आहे. परंतु आमच्याकडच्या चुनखडीच्या खड्यांत आणि भरड, खरखरीत कुजलेल्या खडकात तो शंकू फार खोल जात नाही, त्यामुळे त्या पर्यायावर आम्ही वेळ घालवला नाही. एसपीटीची कृती सांगायला सोपी आहे. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून दांड्यावर पाडायचा आणि दांड्याच्या खालच्या टोकाला लावलेली उभी दुभंगणारी नळी 45 सेंटिमीटर मातीत घुसवायची. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या 30 सेंटिमीटरचे मोजायचे. या बेरजेलाच एन म्हणतात. आय. एस. 2131 या भारतीय मानकात हे सारे दिलेले आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलेल्या या पद्धतीला टर्झागी आणि पेक यांनी 1948 मध्ये अभिकल्पनाच्या कोष्टकांत आणून बसवले आणि तेव्हापासून ती जगभर टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि त्याच नळीतून मातीचा नमुनाही हाती येतो.

मी शक्यतो बोअरच्या जागी स्वतः जातो. अहवालात जो एन छापून येतो तो तिथे कसा घडतो, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर किती भार टाकायचा ते ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. या जागेवर तिपाई उभी होती, मोटारीच्या फिरत्या ड्रमवर दोरीचे वेढे घातलेले होते आणि एक माणूस दोरी ओढून सैल सोडत हातोडा पाडत होता. दांड्यावर खडूने 15 सेंटिमीटरच्या तीन खुणा केल्या होत्या. हातोडा किती उचलायचा यासाठी मार्गदर्शक दांड्यावर लाल रंगाची पट्टी होती, पण दुपारनंतर हात दमले की हातोडा कधी त्या पट्टीच्या खाली, कधी वर जाताना दिसत होता. मी मिस्त्रींना त्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "उंचीचं तर हायच साहेब, पण दोरी ओली झाली का हातोडा सुस्त पडते." हे वाक्य मला अनेक शोधनिबंधांपेक्षा उपयोगी वाटले. हातोड्याची सैद्धांतिक ऊर्जा आणि दांड्यापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी ऊर्जा यांत फरक असतो. दोरीचे वेढे, दोरीचा ओलावा, कप्पीचे घर्षण, ओढणाऱ्याची सवय या सगळ्यांनी तो फरक वाढतो. म्हणूनच परदेशात ऊर्जा मोजून एनचा आकडा सैद्धांतिक ऊर्जेच्या साठ टक्क्यांच्या समान पातळीवर आणण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत अशी मोजणी नसते. हातोडा सुस्त पडला की ठोके जास्त लागतात आणि माती प्रत्यक्षापेक्षा घट्ट दिसते. म्हणजे चूक होते ती नेमकी असुरक्षित बाजूला.

दुसरी गोष्ट पाण्याची. भूजलाची पातळी सुमारे 4 मीटरवर होती आणि त्याखाली बारीक वाळूचा थर होता. अशा ठिकाणी बोअरमधले पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेले, तर तळातून पाणी वर उसळते, वाळू ढिली होते आणि एन उगाचच कमी येतो. पहिल्या बोअरमध्ये दांडे वर काढताना पाण्याची पातळी भरभर उतरत होती. मी मजुरांना थांबवून बोअर आधी काठोकाठ भरायला सांगितले, आणि तेथून पुढे प्रत्येक चाचणीपूर्वी ही दक्षता घेतली गेली.

थरांचे चित्र असे निघाले. वरचे सुमारे अडीच मीटर काळी माती. त्याखाली 6 मीटरपर्यंत पिवळसर, चुनखडी मिसळलेली चिकण, तिचा एन 10 ते 12. मग साडेदहा मीटरपर्यंत गाळमिश्रित वाळू आणि तिच्याखाली कुजून मातीच झालेला नाइस: अभ्रकाने चमचमणारा, हातात चुरडला जाणारा, तरीही मूळ खडकाच्या पट्ट्या अजून दाखवणारा. कंत्राटदार त्याला सरसकट मुरूम म्हणतात. या थरात एन भराभर वाढत गेला आणि साडेतेरा मीटरवर 42 झाला. 15 मीटरच्या पुढे नळी जाईनाशी झाली, 50 ठोक्यांना जेमतेम 6 सेंटिमीटर.

आता हे आकडे सूत्रात घालण्यापूर्वी दुरुस्त करावे लागतात, आणि मतभेद इथूनच सुरू होतात. साडेसात मीटरवर मोजलेला एन 24 होता. त्या खोलीवर वरच्या मातीचा प्रभावी दाब सुमारे 100 किलोपास्कल असल्याने दाबासाठीच्या दुरुस्तीने आकडा जवळजवळ हलला नाही. परंतु पाण्याखालच्या बारीक वाळूत ठोक्यांच्या वेळी कणांमधला पाण्याचा दाब बदलतो आणि एन फुगून येतो, म्हणून 15 च्या वरचा भाग निम्मा करायचा, अशी दुसरी दुरुस्ती आहे. त्याने 24 चे साडेएकोणीस झाले. वाळूच्या थरात ही दुरुस्ती मी मान्य केली. कुजलेल्या नाइसमध्ये ती लावू नये, असे माझे म्हणणे होते, कारण ते कण सुटे नाहीत, मूळ खडकाचे बंध त्यांच्यात अंशतः शिल्लक असतात. तपासणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालात मात्र एकच कोष्टक वरपासून खालपर्यंत चालवलेले होते. मूळ आणि दुरुस्त, दोन्ही रकाने अहवालात होते म्हणून बरे. पुष्कळदा फक्त दुरुस्त आकडेच हाती येतात आणि मग मागे जाण्याची वाटच उरत नाही.

पाइल 600 मिलिमीटर व्यासाची, बोअर करून जागेवर ओतायची, असे ठरले. माथा जमिनीखाली दीड मीटरवर, टोक साडेतेरा मीटरवर, म्हणजे लांबी 12 मीटर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे साडेतीन मीटरपर्यंतचे बाजूचे घर्षण हिशेबात धरायचे नाही. उरलेल्या 10 मीटरवर सरासरी एन 20 आला, बाजूचे क्षेत्रफळ 18.85 चौरस मीटर आणि टोकाचे 0.283 चौरस मीटर.

पाइलसाठीच्या आय. एस. 2911 या मानकात बोअर केलेल्या पाइलसाठी मायरहॉफ या भूतंत्र अभियंत्यांच्या सहसंबंधावर आधारलेले सूत्र आहे. किलोन्यूटनमध्ये अंतिम क्षमता काढण्यासाठी टोकाचे पद 13 गुणिले एन, गुणिले लांबी भागिले व्यास, गुणिले टोकाचे क्षेत्रफळ. आणि घर्षणाचे पद सरासरी एन गुणिले बाजूचे क्षेत्रफळ, भागिले 0.5. टोकाच्या पदाला वरची मर्यादा आहे, 130 एन गुणिले क्षेत्रफळ. या अंतिम क्षमतेला 4 ने भागून सुरक्षित भार घ्यायचा. हा 4 मोठा वाटतो, पण ज्या आकड्यात दोरीचा ओलावासुद्धा शिरतो त्याच्यासाठी तो मला वाजवीच वाटतो.

माझ्या कार्यालयातील दोन सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हिशेब केला. दोघांचे आकडे एकमेकांपासून इतके दूर आले की आधी एकाचा गणकयंत्रावर हात चुकला असेल, असे वाटले. एकाचे उत्तर 58 टन होते, दुसऱ्याचे 39 (एक टन म्हणजे सुमारे 9.8 किलोन्यूटन). दोघांनी तोच एन, तोच व्यास आणि तोच गुणक घेतला होता. फरक होता फक्त लांबीत. पहिल्याने सूत्रातील लांबी म्हणजे पाइलची पूर्ण लांबी धरली. 12 भागिले 0.6 म्हणजे 20, मग वरची मर्यादा लागू झाली आणि टोकाला 130 गुणिले 42 गुणिले 0.283, म्हणजे सुमारे 1,544 किलोन्यूटन मिळाले. दुसऱ्याने मानकातील चिन्हांची यादी नीट वाचली होती. तिथे ही लांबी म्हणजे भार पेलणाऱ्या थरात पाइल जितकी शिरली आहे तितकी लांबी, असे दिले आहे. कुजलेल्या नाइसमध्ये पाइल 3 मीटर शिरत होती. 3 भागिले 0.6 म्हणजे 5, आणि टोकाचा भार थेट निम्मा, 772 किलोन्यूटन. घर्षणाचे 754 किलोन्यूटन दोघांकडे सारखेच होते. मानकाच्या शब्दाला धरून पाहिले तर दुसऱ्याचाच हिशेब बरोबर. पण साडेदहा मीटरच्या रेषेवर एकदम नवा थर सुरू होतो, हे कोणी सांगितले? बोअरमधला नमुना दर दीड मीटरला मिळतो; त्या दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेतरी माती बदलते आणि नोंद करणारा मधला आकडा लिहून टाकतो. तीच रेषा 9 मीटरवर ओढली असती तर टोकाची क्षमता दीडपट झाली असती.

220 टनांच्या एका खांबाखाली 39 टनांच्या हिशेबाने सहा पाइल लागत होत्या आणि 58 टनांच्या हिशेबाने चार. बांधकाम व्यावसायिकाला अर्थातच यातला चारचा आकडा आवडला.

याच सुमारास माझ्या एका तरुण सहकाऱ्याने प्रसिद्ध झालेल्या भारचाचण्यांची माहिती गोळा करून संगणकावर एक प्रारूप बसवले होते: टोकाचा एन, बाजूचा सरासरी एन, लांबी आणि व्यास द्या, अंतिम क्षमता घ्या. आकडे ज्या चाचण्यांवर बसवले होते त्यांच्याशी ते सुरेख जुळत होते. मी त्याला एवढेच विचारले की त्यातल्या किती पाइल ठोकून बसवलेल्या आहेत आणि किती बोअर केलेल्या, आणि कुजलेल्या नाइसमधली त्यात एक तरी आहे का. बहुतेक साऱ्या गाळाच्या वाळूत ठोकलेल्या होत्या. ठोकलेली पाइल भोवतालची माती दाबून घट्ट करते. बोअर करताना तीच माती उलट ढिली होते, आणि मायरहॉफ यांनी ठोकलेल्या पाइलसाठी 40 आणि बोअरसाठी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा गुणक धरण्यामागे हेच कारण आहे. प्रारूपाला हा भेद कोणी सांगितलाच नव्हता. त्याची मेहनत वाया गेली असे मी म्हणणार नाही. फक्त त्या प्रारूपाचा आकडा मी टिपणात घेतला नाही.

टोक आणखी दीड-दोन मीटर खाली नेऊन खडकात रुतवण्याचा पर्यायही आम्ही तपासला. तिथे आय. आर. सी. 78 या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतील खडकातल्या पाइलची दुसरी पद्धत लागू होते, जिच्यात खडकाचा सलग गाभा, म्हणजे अखंड नळकांडी नमुना, हाती न आल्यास एनवरूनच खडकाची कातरबल क्षमता अंदाजतात. नळी 30 सेंटिमीटर जात नसेल, तर जितकी गेली त्यावरून 30 सेंटिमीटरचे ठोके ताणून काढायचे. 50 ठोक्यांना 6 सेंटिमीटर म्हणजे 250. तेच 5 सेंटिमीटर वाचले तर 300, 7 वाचले तर 214. दांड्यावरची खडूची रेघच अर्धा सेंटिमीटर जाड होती आणि ठोक्यांनी दांडा थरथरत असताना ती वाचायची होती. अशा आकड्यावर सॉकेटची, म्हणजे पाइलच्या खडकात रुतलेल्या भागाची, क्षमता बेतणे मला पटले नाही. पश्चिम नागपुरात तर याहून वेगळा धोका असतो. बेसाल्टच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कधी लाल, मऊ थर असतो, तर टाकळीसारख्या ठिकाणी सरोवरातल्या गाळाचे जुने थरही सापडतात. वर नळी अडली म्हणून बोअर थांबवला, तर खालचा मऊ थर कोणाला कळतच नाही. आमच्या जागेवर तो प्रश्न नव्हता, तरी एक बोअर गाभा काढत आणखी 5 मीटर खाली नेण्याचा आग्रह मी धरला आणि नाइस खाली अधिकाधिक टणक होत जातो, याची खात्री करून घेतली.

यानंतर प्राथमिक भारचाचणीचा निर्णय झाला. त्यासाठी इमारतीच्या कामात न येणारी एक वेगळी पाइल ओतली. खर्चावरून कुरकुर झाली, पण सहा, चार की तीन पाइल हा प्रश्न सगळ्या खांबांना गुणून दाखवल्यावर ती थांबली. पाइल ओतताना माझे लक्ष मुख्यतः तळाच्या साफसफाईवर होते. बोअरच्या तळाशी गाळ साचलेला राहिला, तर टोकाची क्षमता कागदावरच राहते. म्हणून बेंटोनाइट या चिकणमातीचे द्रावण फिरवून तळ धुतला आणि सळ्यांचा पिंजरा उतरवल्यावर काँक्रीट ओतण्याच्या लगेच आधी पुन्हा एकदा दोरीला वजन बांधून खोली मोजली.

58 टनांच्या अडीचपट, म्हणजे 145 टनांपर्यंत चाचणी न्यायची होती. त्यावर 25 टक्के जास्त प्रतिभार लागतो, म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यांचा 180 टनांहून अधिक वजनाचा ढीग पोलादी तुळयांवर रचला गेला आणि त्याखाली जॅक बसवला. पाइलचे खचणे मोजण्यासाठी मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या चार डायल गेज होत्या, त्या पाइलपासून दूर टेकवलेल्या आधारपट्ट्यांवर बसवल्या होत्या. पहिल्याच सकाळी एक विचित्र गोष्ट दिसली. भार स्थिर होता, जॅकचा दाबमापक हलत नव्हता, तरी दोन गेजचे काटे हळूहळू सरकत होते आणि पूर्वेकडची गेज पश्चिमेकडच्या गेजच्या उलट दिशेने जात होती. एप्रिलचे ऊन पूर्वेकडच्या पोलादी पट्टीवर थेट पडत होते. पट्टी तापून वाकत होती आणि गेज ते पाइलचे हलणे म्हणून नोंदवत होती. मानकात आधारपट्ट्या उन्हापासून झाकायला सांगितल्या आहेत, पण ताडपत्री एकाच बाजूने बांधली गेली होती. चारी बाजूंनी ताडपत्री लावून, वर गोणपाट ओले करून टाकल्यावर काटे शांत झाले. तोपर्यंतची वाचने रद्द केली आणि भार उतरवून चाचणी नव्याने सुरू केली.

भार टप्प्याटप्प्याने चढवला, दर टप्प्यात खचण्याचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत थांबलो, आणि शेवटचा भार 24 तास ठेवला. 58 टनांवर पाइल 3 मिलिमीटरही खचली नव्हती. 135 टनांवर 12 मिलिमीटर आणि 145 वर 13.8 मिलिमीटर. 600 मिलिमीटरपर्यंतच्या पाइलसाठी 12 मिलिमीटर खचण्याच्या भाराचा दोनतृतीयांश हा सुरक्षित भार धरतात. तो 90 टन आला. व्यासाच्या 10 टक्के, म्हणजे 60 मिलिमीटर खचण्याच्या भाराचा निम्मा, हा दुसरा निकष इथे लागूच झाला नाही, कारण पाइल तिथपर्यंत गेलीच नाही.

दोन्ही हिशेब मागे पडले. मी आलेखाकडे परत परत पाहिले ते याचे कारण शोधण्यासाठी. टोकाचा पूर्ण प्रतिकार जागा होण्यासाठी पाइल पुष्कळ खचावी लागते. 12 मिलिमीटर म्हणजे व्यासाचे फक्त 2 टक्के. तेवढ्या हालचालीत, अगदी पहिल्या सहकाऱ्याच्या 1,544 किलोन्यूटनचा तिसरा हिस्सा जरी टोकाने घेतला असे धरले, तरी तो 52 टन होतो आणि बाजूच्या घर्षणाकडे 83 टन उरतात. सूत्राने अंतिम घर्षण 77 टन सांगितले होते. म्हणजे टोकाबद्दल आम्ही इतका वाद घातला, आणि भार मुख्यतः बाजूंनीच पेलला. वाळूसाठीचे गुणक अंशतः बंध टिकवून असलेल्या नाइसला आणि चिकण मातीला लावल्यावर घर्षण कमी येणारच, असा माझा तर्क आहे. हे टोक आणि बाजू वेगवेगळे मोजले असते, तर तर्काची गरज पडली नसती. चक्रीय भारचाचणीने किंवा पाइलमध्ये ताणमापक बसवून ते करता येते, पण त्यासाठी या कामात तरतूद नव्हती.

90 टन मात्र मी घेतले नाहीत. एक पाइल म्हणजे पूर्ण भूखंड नव्हे. आग्नेय कोपऱ्यातील बोअरमध्ये साडेतेरा मीटरवर एन 42 नव्हे, 31 होता. चाचणीची पाइल ज्या बोअरजवळ होती, तो सर्वांत घट्ट निघाला होता. मी 75 टन ठरवले आणि आग्नेय भागातील पाइलचे टोक दीड मीटर खाली उतरवले. 220 टनांच्या खांबाखाली तीन पाइल पुरल्या. पुढे प्रत्यक्ष कामातील पाइलवर नियमित चाचणी करायची होती, तेव्हा ती आग्नेय कोपऱ्यातीलच निवडावी, असे मी लेखी कळवले. 75 च्या दीडपट, म्हणजे 112.5 टनांवर ती 8.7 मिलिमीटर खचली.

आता तपासणीच्या निविदेत मी काही ओळी स्वतःच घालतो. एनचे मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही रकाने द्यावेत. नळी अडली तर तेथे नुसते "शंभराच्या वर" असे न लिहिता किती ठोक्यांना किती सेंटिमीटर गेली ते लिहावे. थराची सीमा नमुन्यावरून ठरवली की खोदताना आलेल्या गाळाच्या रंगावरून, तेही नोंदवावे. आणि चाचणीच्या पाइलची जागा सर्वांत कमी एन आलेल्या बोअरच्या शेजारी ठरवावी, ही ओळ मी ठळक अक्षरांत छापून घेतो.